दहा सेलचं समान वाटप

७ सप्टेंबर, रविवार
आजपासून रीतसर नोंदी. प्रयोग करणाऱ्याकडे वही असावी.
आबांच्या सुतारकामाच्या कॉर्डलेस ड्रिलला दोन बॅटऱ्या आहेत. एक चांगली, दुपारपर्यंत चालते. दुसरी पाच स्क्रूंत मान टाकते. आबा पडावच्या बाजारात जाऊन नवी आणणार होते. मी अडवलं. बॅटरी मरत नसते, आपण तिला मेलेली ठरवतो. एका नव्या बॅटरीमागे पृथ्वीचं किती नुकसान होतं हे मी समजावलं. आई म्हणाली, घरात एकच तर ग्रॅज्युएट आहे, ती सांगतेय तर ऐका. आबांनी घातलेल्या चपला काढल्या.
गेल्या खंडेनवमीला आबांनी पणजोबांच्या तलवारीशेजारी माझी बीएस्सीची डिग्री पूजेला ठेवली होती. आपल्या घरातलं हे नवं हत्यार, असं पाहुण्यांना सांगत होते. त्या विश्वासाला जागायचं आहे.
संकल्प: वर्षभरात आमच्या कंपू मोहल्ल्यातली एकही बॅटरी कचऱ्यात जाणार नाही.

९ सप्टेंबर
एका व्हिडिओत उपाय सापडला. बॅटरी चोवीस तास फ्रीझरमध्ये. मटारच्या पिशवीमागे ठेवली. तरुणदादाने विचारलं की अब ड्रिल की कुल्फी जमेगी क्या, मॅडम सायंटिस्ट. पडावच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात दिवसभर मालाच्या पावत्या, बिल्ट्या फाडणाऱ्याकडून दुसरी अपेक्षा नाही.

१० सप्टेंबर
चार स्क्रू. म्हणजे एक कमी. पण बॅटरी ओलसर होती, त्यामुळे हा आकडा धरायचा नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
आबांना मोठं काम मिळू शकतं. दर्पण कॉलनीत नवी इमारत उठली आहे. बावीस तारखेला, घटस्थापनेच्या दिवशी, आबांनी एका फ्लॅटमध्ये नमुन्याचं किचन बसवून दाखवायचं. ठेकेदार रमाकांतजींना पसंत पडलं तर बाकीचे सगळे फ्लॅट आबांचे. तिथे अजून विजेचे मीटर लागलेले नाहीत, म्हणजे वायरचं ड्रिल निरुपयोगी. आणि स्कूटरवरून पडल्यापासून आबांचं उजवं मनगट वळत नाही, म्हणजे हातानेही फार पेच कसता येत नाहीत.
आबांनी भीतभीत विचारलं, तोवर एक नवी आणून ठेवू का. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नसेल तर आणा.
नाही आणली.

१६ सप्टेंबर
अशक्त बॅटरी उघडली. आत पाच सेल, एकामागे एक जोडलेले. तीन ठणठणीत, दोन थकलेले. दोघांमुळे पाचांची बदनामी! आपल्या समाजाचंही असंच आहे. यावर कधीतरी लेख लिहीन.

१८ सप्टेंबर
बाजारात तसलेच सेल मिळाले नाहीत. दुकानदार म्हणाला, बेटी, पूरी नई ले जाओ. याच मनोवृत्तीने देश बुडतोय.

२० सप्टेंबर, शनिवार
उत्तर सापडलं. इतकं सोपं की लाज वाटली. एका बॅटरीत पाचही धडधाकट आणि दुसरीत दोन थकलेले, हा शुद्ध अन्याय आहे. चांगलीतला एक सेल हिला दिला, हिचा थकलेला एक तिकडे. आता दोघींना चार चांगले, एक थकलेला. सोल्डर करताना सेल जरा तापले, पण बिघडलं काही नाही.
आबांनी येऊन विचारलं, चांगलीला तर हात नाही ना लावलास. मी म्हटलं, आबा, आता दोन्ही चांगल्या आहेत.

२१ सप्टेंबर
दोन्ही फुल चार्ज. मल्टिमीटरवर दोन्हीकडे वीस व्होल्ट. मीटर खोटं बोलत नाही. आबांनी आकडा पाहिला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
आबा आठला निघाले. मी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा उचलला. म्हणाले, नौ पेंच.
दोन्हींचे मिळून नऊ.
बाकीचे हाताने कसले. एका कपाटाचं दार तिरकं बसलं. चारला रमाकांतजी आले, दार उघडून पाहिलं आणि आबांना म्हणाले, मानसिंगराव, आप रहने दो. काम गोविंदला दिलं. गोविंद आबांकडेच शिकलेला.
आबांच्या मनगटाला आईने हळद बांधली. आबा तिला म्हणाले, मशीन खराब निघाली. माझं नाव घेतलं नाही.
नोंद: त्या इमारतीत धूळ फार आहे, आणि स्क्रू हलक्या प्रतीचे होते.

२५ सप्टेंबर
आबांना कारण समजावून सांगितलं. रांगेतला सगळ्यात थकलेला सेल थांबला की सगळी रांग थांबते. हे मला माहीत होतंच. तिसऱ्या सेमिस्टरला आठ मार्कांना होतं, मी पूर्ण लिहिलं होतं. आबांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, तर आता नवी आणू का. मी दहा दिवस मागितले. म्हणाले, घे, आता घाई कसली.

२९ सप्टेंबर
आबा आजपासून गोविंदच्या हाताखाली जातात. तो ड्रिल चालवतो, आबा प्लाय धरून उभे राहतात. गोविंद अजून त्यांना उस्तादच म्हणतो, हे आबांनी दोनदा सांगितलं.
तरुणदादाने आठवड्यात एकही टोमणा मारलेला नाही. त्याला माझं म्हणणं पटलं असावं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळीच डिग्रीची फाईल पुसून टेबलावर काढून ठेवली, आबांना शोधायला लागू नये म्हणून.
आबांनी पाट मांडला. तलवार, करवत, रंधा, पटाशी, लाल मुठीचा जुना पेचकस. झेंडूची फुलं डाव्या हाताने वाहिली. ड्रिल पेटीतच राहिलं. टेबलाजवळून ते दोनदा गेले. मला वाटलं, आता मागतील. मग आईने आरतीला हाक मारली.
पाट लहान पडला असेल.
सगळे उठल्यावर मोजला. पेचकसाच्या बाजूला एक फाईल सहज मावते.
जेवणाला टेबल हवं होतं, म्हणून ती मीच परत कपाटात ठेवली.