सामायिक खरेदी

सर,

आज गुरुवार, दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं झाली आहेत. वीज गेल्यामुळे यंत्रं बंद आहेत आणि मी उद्याच्या बैठकीचा कागद तिसऱ्यांदा उतरवून काढतो आहे. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, तरी हे सांगायला दुसरं कुणी सुचत नाही.

इथे गुजरातेत, सावली गावाच्या रस्त्यावरच्या आमच्या लहान कारखान्यात स्विचच्या आत बसणाऱ्या पितळी पट्ट्या होतात. परदेशी माल खुला झाल्यापासून तशीच तयार पट्टी आमच्या नुसत्या पितळेच्या भावात मिळते. असंच चाललं तर शेठ दिवाळीआधी कुलूप लावतील आणि मी कारकून धरून आम्ही अकरा जण घरी जाऊ. म्हणून मीच सुचवलं, शेजारच्या चार कारखान्यांनी पितळ एकत्र घ्यावं, गिऱ्हाइकाला एकच भाव सांगावा. हे डोकं माझं नाही. नववीचा वर्ग आहे, तुम्ही विचारता, शेजारचे देश एका संघात का जातात? मी म्हणतो, एकटे घाबरतात म्हणून. तुम्ही फळा पुसत म्हणता, "अरे, घाबरून देश दारंही लावून घेतात. संघात जाणारा काहीतरी सोडून जातो. ते लिही, मग मार्क देतो." दहावीपर्यंत मी पोचलोच नाही, सर.

मंगळवारी चारही शेठांपुढे गुजरातीत कागद वाचला. शुद्ध असावं म्हणून 'सामाईक' न लिहिता 'सामायिक खरीदी' लिहिलं होतं. गुजरातीत सामायिक म्हणजे जैनांची ध्यानाची बैठक. सगळ्यांत वयस्कर शेठ म्हणाले, "भाई, सामायिक तो हुं रोज सवारे करुं छुं. एमां पितळ क्यां आव्युं?" सगळे हसले. आमचे शेठ मात्र हसले नाहीत; आपला भाव दुसऱ्यांनी ठरवणं त्यांना मानवेना. "मारो भाव बीजा नक्की करे, तो हुं शेठ शानो?"

मी कसाबसा बोललो, "अत्यारे पण भाव आपणा हाथमां क्यां छे, शेठ?"

आत्ता तरी भाव आपल्या हातात कुठे आहे, हे चौघांनाही ठाऊक होतं. मग वयस्कर शेठ म्हणाले, "शुक्रवारे फरी लाव. कोणे शुं गुमाववानुं, ए चोख्खुं लख."

कुणी काय गमवायचं, तेच लिहितो आहे. स्वतःचा भाव सोडायचा, जुनी गिऱ्हाइकं वाटून घ्यायची, एकमेकांना वह्या उघडून दाखवायच्या. शुद्धलेखन दोनदा तपासलं. खरेदी एक झाली की चार कारखान्यांना कारकूनही एकच पुरेल, आणि बाकीचे तिघे बी.कॉम. आहेत. शेठांच्या हे अजून ध्यानात आलेलं नाही. मी ते कागदात लिहिलेलं नाही, सर.