उकिरड्यावरून उचललेली

२ मे, शुक्रवार

आलो एकदाचे! दीपनगरहून निघताना बाबांनी टेम्पोत इतकं सामान कोंबलं की ड्रायव्हरनं विचारलं, ताई, बदली झाली की लग्न? बदलीच. चाळीसगावपासून बारा किलोमीटरवरचं हे गाव, इथलं आरोग्य उपकेंद्र आणि मी तिथली नवी आरोग्यसेविका. राजदीप सुरतला नोकरीवर, महिन्यातून दोनदा येणार. तेव्हा घरात मी आणि चार वर्षांची समू, असं आमचं दोघींचं राज्य.

घर झकास आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे परस. परसात एक कडुनिंब, पाच कोंबड्या आणि कुंपणाला लागून शेणाकचऱ्याचा भला मोठा उकिरडा. वासाचं काही नाही, दोन दिवसांत नाक शहाणं होतं. शेजारच्या खोल्यांत मालकीण झुंबरअक्का आणि त्यांचा मुलगा उखर्डूभाऊ राहतात. भाऊ पन्नाशीचे, रिक्षा चालवतात. नाव ऐकून समू खुदकन हसली तर तेही हसले. इथे उकिरड्याला उखर्डा म्हणतात. अक्कांची आधीची तीन मुलं गेली, म्हणून चौथं हे जन्मल्या जन्मल्या भर दुपारी उकिरड्यावर ठेवलं. आईनं पाठ फिरवायची. शेजारणीनं उचलून विचारायचं, कोणाचं? आईनं म्हणायचं, उखर्ड्याचं, माझं नाही. मग शेजारीण मूठभर कोंडा देऊन मूल विकत घेते. न्यायला आलेल्याला वाटतं, हे कुणाचंच नाही, आणि ते निघून जातं. मी विचारलं, ते म्हणजे कोण? भाऊंनी रिक्षा पुसायला घेतली.

बाबांना हे सांगितलं तर फोनवरच तासभर व्याख्यान होईल. आमच्या घरात असलं काही कधी चाललं नाही आणि चालणार नाही.

४ मे, रविवार

दुपारी एकच्या सुमारास परसात कोंबड्यांनी जीव खाऊन कालवा केला. मी दार उघडून धावले तोवर सगळं शांत. मुंगूस असणार, नाहीतर रानमांजर. चार कोंबड्या कडुनिंबावर चढलेल्या आणि पाचवी, ती तांबूस, रक्तानं माखलेली, अक्कांच्या हातात. मला वाटलं हळद लावतील. त्यांनी सरळ नेऊन तिला उकिरड्याच्या माथ्यावर ठेवलं, हात झटकले आणि मागे न बघता निघाल्या.

कोंबडी जिवंत होती! उन्हात चोच उघडी टाकून धापा टाकत होती. माझ्याच्यानं बघवेना. गेले आणि उचलली. अक्का ओट्यावरून ओरडल्या, "नको उचलू वं माय! ती दियेल शे!" दिलेली आहे म्हणे. कुणाला? मी म्हटलं, अक्का, श्वास चालू असताना मी पेशंट सोडत नाही. तर म्हणाल्या, "तू उचली ना, आते ती तुनी शे." आणि दार लावून घेतलं. बरं, माझी तर माझी.

मानेच्या मागे चार दातांच्या खोल खुणा, तीन वर, एक खाली. पाठीचं कातडं चार बोटं फाटून लोंबत होतं. पिसं कातरली, सलाईननं धुतलं, बीटाडीन लावलं आणि पाच टाके घातले. माझ्या हातून अडतीस बाळंतपणं सुखरूप झालीयेत, एका कोंबडीपुढे काय हार मानायची! खोक्यात गोणपाट घालून आतल्या खोलीत ठेवलीय. बाकीच्या कोंबड्यांत सोडायची सोय नाही, लाल दिसलं की त्याच टोचून मारतात. समूनं नाव ठेवलं, चंपी.

६ मे, मंगळवार

ड्रॉपरनं गुळाचं पाणी चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडते. घाईनं पाजलं तर श्वासनळीत जातं. काल नुसती मान टाकून बसली होती, मला रडू आलं. आज भिजवलेल्या दादर ज्वारीचे सात-आठ दाणे खाल्ले, गळ्याखालची पिशवी हाताला भरल्यासारखी लागली. जखमेवर माश्या बसू नयेत म्हणून जुनी मच्छरदाणी कापून खोक्यावर घातली. खिडकीला ओलं गोणपाट. बाहेर चव्वेचाळीस अंश.

समू खोक्याशेजारून हलत नाही. मला विचारते, चंपी वाचेल ना? मी शब्द दिलाय.

अक्का दिसल्या की तोंड फिरवतात. संध्याकाळी परसभर चुलीची राख पसरत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, येतं का ते कळावं म्हणून.

८ मे, गुरुवार

चंपी उभी राहिली! डॉक्टर नसलेल्या गावात मी कोंबड्यांची डॉक्टर. पण जखम इतक्या लवकर भरत नाही, हे मला कळतं. चार दिवसांत नवं कातडं?

दुसरी गोष्ट. दुपारी मागच्या दाराला खालून खरखर. दार उघडलं तर कुणी नाही. राखेत पंजे उमटलेले. मांजरापेक्षा मोठे, बोटं लांबट. उकिरड्यापासून माझ्या दारापर्यंत आलेले. परत गेलेले नाहीत. मी दोनदा पाहिलं. घराच्या भिंतीवरून चढून गेलं असेल. भिंत आठ फूट आहे, तरी गेलं असेल.

१० मे, शनिवार

आज खरखर दाराच्या कडीपाशी होती. माझ्या कमरेइतक्या उंचीवर लाकूड सोललंय.

समू जेवताना म्हणाली, उकिरड्यावरची बाई छान बोलते. कोण बाई? तर म्हणे दिसत नाही, पण आवाज अक्काआजीसारखा आहे. दाराच्या फटीतून विचारते, कोणाची गं तू? मी विचारलं, मग तू काय म्हणालीस? समू म्हणाली, आईची.

मुलांच्या कल्पना. तरी मागच्या दाराला कुलूप घातलं. अक्कांकडे जाऊन रागावले, लहान मुलीला असलं घाबरवू नका म्हटलं. अक्का पांढऱ्याफटक पडल्या. त्या दुपारभर भाऊंच्या रिक्षातून बाजाराला गेलेल्या होत्या.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

सकाळी खीर केली, वंदना घेतली. मग समूची वेणी घालायला केस वर केले.

मानेच्या मागे चार खुणा. तीन वर, एक खाली.

धावत खोक्याकडे गेले. चंपीच्या अंगावर व्रण नाही, खूण नाही, पिसंसुद्धा आलेली. पाच टाके गाठींसकट गोणपाटावर पडलेले, कुणी अलगद सोडवून ठेवावेत तसे. आणि शेजारी एक अंडं.

समूला दुखत नाही म्हणे. अंग तापलंय.

१३ मे, मंगळवार

धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. जनावर चावल्याचंही, पहिला डोस, आरोग्य केंद्रात नेऊन. डॉक्टर म्हणाले किडा चावून खाजवलं असेल. मी आठ वर्षं जखमा बघतेय. हा किडा नाही.

पाठीवर, फ्रॉकखाली, कातडं लाल झालंय. चार बोटं लांब. चंपीचं होतं तिथेच.

राजदीपला फोन केला. तो म्हणाला झोप पुरी कर, शनिवारी येतो.

१४ मे, बुधवार

हरले. चंपीला उचललं आणि भर दुपारी उकिरड्यावर नेऊन ठेवलं. समू रडून रडून बेजार झाली, तू शब्द दिला होतास म्हणाली. मी पाठ फिरवून आत आले.

तासाभरानं पाहिलं. चंपी तिथेच बसून माती उकरतेय. राखेत पंजे तिच्याभोवती एक फेरी मारून सरळ माझ्या दाराकडे आलेत.

त्याला कोंबडी नकोय आता.

१५ मे, गुरुवार

चाळीसगाव. दवाखान्यात दाखल केलं. सलाईन चालू. पाठीचं कातडं सकाळी फाटलं, आपोआप, माझ्या डोळ्यांदेखत. टाके घातले. पाच.

दुपारी मावशींनी फरशी पुसली. ओल्या फरशीवर दारापासून समूच्या पलंगापर्यंत—

मावशींना दिसलं नाही. त्या वरून पोछा मारून गेल्या.

समू झोपेत बोलतेय. आईची. आईची. आईची.

१६ मे, शुक्रवार

अक्का दवाखान्यात आल्या. पलंगाजवळ बसून रडल्या, मग सगळं सांगितलं. भाऊ वाचले, पण ते उपाशी राहिलं. दर वैशाखात येतं. एकाला जखमी करून ठेवतं, तेच त्याचं. ते उकिरड्यावर ठेवलं की वर्षभर शांत. पन्नास वर्षं अक्का एकेक कोंबडी देत आल्या. मी त्याच्या तोंडचं उचललं. उचललं ते माझं झालं, आणि माझं आहे तेच आता ते मोजून घेतंय.

मी विचारलं, अक्का, काय करू? मी काहीही करते.

मी हे विचारलं. बाबा, मला माफ करा.

त्या म्हणाल्या, एकच शे. उद्या दुपारी. उखर्ड्यावर ठेव, मी विकत लेसू. पण मांगे वळीसन देखू नको.

१७ मे, शनिवार

डॉक्टर सोडत नव्हते. सही करून आणली. राजदीपची गाडी लेट आहे, संध्याकाळी पोचेल.

बारा वाजायला आलेत. अक्का आणि भाऊ गिरणीवर कोंडा आणायला गेलेत, बाराच्या ठोक्याला येतो, तू ठेवून ठेव म्हणाल्या. समूला उकिरड्यावर गोधडी टाकून निजवलं. वर छत्री लावली. तिनं माझं बोट धरलं होतं. सोडवलं.

मागच्या दारात उभी आहे, उकिरड्याकडे पाठ करून. मान वळू नये म्हणून डायरी भिंतीला टेकवून लिहितेय. हात थांबला तर वळेन.

समू म्हणते आई ऊन लागतं. म्हटलं, दोन मिनिटं बाळा.

पावलं आली. कुंपणाकडून. अक्का लवकर आल्या, बरं झालं. गोधडी सरकली. समूला उचललं. श्वास ऐकू येतोय, म्हातारीला वजन झेपत नसेल.

अक्कांचा आवाज. कोणाची?

मी म्हटलं, उखर्ड्याची. माझी नाही.

पुन्हा विचारलं. कोणाची? मी मोठ्यानं म्हटलं. माझी नाही, माझी नाही.

मागून ओढणीत मूठभर काहीतरी पडलं. झालं. सुटली माझी समू. रडू आवरत नाही, अक्षर—

ओढणीत कोंडा नाही. तांबूस पिसं आहेत.

पुढच्या दाराची कडी वाजतेय. भाऊंची रिक्षा. अक्का हाक मारतायत, पुढून, ओट्यावरून. "मी ऊनी वं माय, उशीर व्हयना, कोठे शे पोर?"

मी म्हटलं माझी नाही. माझ्या तोंडानं. तीनदा—

मागे समू बोलतेय. ताप उतरलेला, स्वच्छ आवाज. आई म्हणत नाही. अगदी कानाशी येऊन विचारतेय, कोणाची गं तू—