भिंतीवरच्या डॉक्टरीणबाई

२ जून, सोमवार
आज मला तीन जणांनी डॉक्टरीणबाई म्हटलं! मला — आठवीत शाळा सोडलेलीला! औषधाच्या दुकानाच्या मालकीण एल्वियाबाईंनी पांढरा कोट दिला. म्हणाल्या, "तू बोलत नाहीस ते बरंय. गप्प माणूस शिकलेला वाटतो."
खऱ्या फार्मासिस्ट भिंतीवर आहेत. डॉ. मारिसोल. फोटो, सर्टिफिकेट, खाली फोन नंबर. "त्या कधी येतात?" "येतील गं. आधी खोकी उघड."

४ जून
सेगुंदोकाका होडीवरून थेट दुकानात. कोटाला मासळीचा वास लागला. ब्लडप्रेशरच्या गोळ्या हव्या होत्या, आणि गुडघ्यासाठी काहीतरी जोरदार. दोन्ही दिल्या. कुणाला विचारणार? भिंतीला?

६ जून
सेगुंदोकाका हॉस्पिटलात. पाय सुजले, दम लागला. ती गुडघ्याची गोळी ब्लडप्रेशरच्या गोळीसोबत चालत नाही म्हणे.
त्यांची मुलगी नार्सिसाताई काउंटरवर हात आपटत होती. "जबाबदार कोण इथे? नाव सांग! कुणावर तक्रार करू?"
एल्वियाबाई आत कॉफी ढवळत होत्या. बाहेरच आल्या नाहीत.

७ जून
भिंतीवरच्या नंबरला फोन लावला. डॉ. मारिसोल तिकडे गुआयाकिल शहरात राहतात.
"कुठलं दुकान?"
"बंदरावरचं."
"अगं, नऊ दुकानांत लागलंय माझं सर्टिफिकेट. नीट सांग ना!"
नऊ!! एकदाही आल्या नाहीत त्या इथे. सेगुंदोकाकांचं सांगितलं. मग, "एल्वियाला सांग, माझी चौकट आजच्या आज उतरव." ठेवला फोन.

९ जून, सोमवार
सांगितलं. वाटलं, आता हाकलतील. एल्वियाबाई हसल्या! माझे केस विंचरले, कोटातच फोटो स्टुडिओत नेलं. "तुझं ओळखपत्र करू, पोरी. कायमची झालीस तू." एक फोटो आईला दिला. तिने तो तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि कुस्करलेल्या कच्च्या केळ्याचा गोळा तळून मला खायला घातला. सेगुंदोकाका घरी आले. बरे होतील म्हणतात. किती दिवसांनी मी पोटभर जेवले.

१२ जून
भिंतीवर नवी चौकट. फोटो माझा. खाली नावही माझंच — डॉ. युलेक्सी मेरो. सहीसुद्धा आहे. मी केलेली नाही!
मी स्टुलावर चढले, काढायला. तेवढ्यात नार्सिसाताई आत आली. चौकट वाचली. मग माझ्याकडे बघितलं.
"हां. आत्ता कळलं नाव."
मोबाइल काढला, आणि फोटो घेतला.