दत्तानं सिस्टीम सोडली

माजलगाव, मंगळवार संध्याकाळ

आज दत्तानं आमच्या लिनक्सचं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या आमच्या सिस्टीमचं, काम सोडलं. कॉलेजात असल्यापासून दोघांनी मिळून ती घडवली, फुकट वाटली. आणि भांडण कशाचं? मशीन चालू होताना बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्राम जुना ठेवायचा की नवा, याचं. नंतर कामाला जोडल्या गेलेल्या बाकीच्यांनी माझ्या नव्याला मतं दिली.

दत्ता माझ्या घरी येऊन म्हणाला, "जुनं बिघडलं तर मला हातानं नीट करता येतं बे. हे नवं मला उमगत न्हाई. तूच सांभाळ."

आवाज चढवला नाही. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो, मिटलं असतं. पण आवाजच चढवला नाही त्यानं.

आई विचारते, "दत्ता न जेवता गेला कामून?" काय सांगू?

नंतर नवा प्रोग्राम लावला. मशीन लई झटक्यात चालू झाली. दत्ताला सांगायला फोन उचलला, नंबरही काढला, आणि तसाच ठेवून दिला.