बिरवाडी गाडीची पाटी

३ फेब्रुवारी १९८६, सोम.

एक तक्रार नोंदवून ठेवतो. पुढेमागे कुठे न्याय झालाच तर कामी येईल. आमच्या वसाहतीतले सभ्य गृहस्थ रोज सकाळी स्कूटरला किक मारता मारता मला विचारतात, "काय सर, आज गाडी नाही वाटतं?" गाडी काल नव्हती, परवा नव्हती, माझ्या वडिलांनाही नव्हती. तरी 'आज'वर जोर. जणू मोटार धुवायला टाकली आहे आणि मी हौसेने छत्री घेऊन फाट्यावर चाललो आहे.

महाडातली भाड्याची खोली सोडून इथे आलो, कारण सौ.ला मोकळी हवा पाहिजे होती. हवा कारखान्याची निघाली. नकाशात प्रत्येक घराला गॅरेज. आमच्या गॅरेजात नारळ राहतात.

फाट्यावर फक्त मी. बिरवाडीहून महाडला येणारी पहिली गाडी, ड्रायव्हर जाधव. न चुकता थांबतात. पाटी वाचायचा प्रश्न येत नाही. लाल मोठं काही आलं, खडखडलं, थांबलं, की मी चढतो. सहा वर्षांत एकदा चुकलेलं नाही.

छापखान्यांची शाई अलीकडे फारच पुचाट झाली आहे. दहावीच्या संस्कृतच्या पुस्तकातले अनुस्वार उडाले आहेत.

६ फेब्रु., गुरु.

गाडी थांबली नाही! छत्री आडवी धरली, हलवली, धोतर सावरत दोन पावलं रस्त्यात गेलो. माझ्या अंगावर धूळ उडवून गेली निघून. आतले लोक हातही हलवत होते. म्हणजे थट्टा वर.

मागून शेजारचे प्रधान मोटारीतून आले. कारखान्यात इंजिनिअर. "बसा सर. एसटीचं असंच." वाटभर एसटीचं असंच कसं ते ऐकलं. माझ्या अब्रूचा जीर्णोद्धार करण्याच्या थाटात त्यांनी मला शाळेच्या दारात सोडलं.

मधल्या सुट्टीत पुण्याच्या दैनिकासाठी बातमी लिहिली. वार्ताहर म्हणून वर्षभर रस्त्यातले खड्डे आणि सत्यनारायण लिहितो. आज लेखणीला धार होती. 'उभ्या प्रवाशाकडे पाठ फिरवणारी बिरवाडी गाडी.' मार्ग, दिवस, सगळं दिलं. नाव दिलं नाही. त्या गाडीवर एकच ड्रायव्हर असतो, तेव्हा हा संयम फुकटचा.

पाकीट नेहमीसारखं पुण्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलं. त्यांच्याविरुद्धचं टपाल त्यांच्याच हाती. बिचाऱ्याने जपून खिशात ठेवलं.

१० फेब्रु., सोम.

छापून आलं. तिसऱ्या पानावर, चौकटीत. शिक्षकांच्या खोलीत दोघांनी हात मिळवले. तिसरा, वयाने मोठा, कानाशी येऊन म्हणाला, "बरं केलंत. फार माजलेत हे लोक." जाधव तुडीलच्या बौद्धवाडीतले. 'हे लोक' म्हणजे ड्रायव्हर नव्हे, हे मला कळलं. त्याला कळलं की मला कळलं.

मी हसलो. चहा प्यालो.

११ फेब्रु., मंगळ.

गाडीवर नवा ड्रायव्हर. कंडक्टर मोरे तेच. नेहमी तिकीट फाडताना एखादी कोपरखळी असते (गेल्याच आठवड्यात विचारत होते, संस्कृतात डिझेलला काय म्हणतात). आज नुसतं तिकीट हातात ठेवलं. उतरताना मीच विचारलं, जाधव रजेवर का?

"चौकशी लागलीय. तोवर पोलादपूरची मुक्कामी गाडी दिलीय त्यांना." मग थांबून, "गुरुजी, त्या दिवशी आम्ही थांबलो होतो. तुम्ही नव्हता. जाधव म्हणाले, येतील, थांबू. दोनदा हॉर्न मारला. तुमच्यापायी महाडला उशिरा लागलो आम्ही."

जोडीदाराची बाजू घेणं हा सद्गुण आहे, असं काहीतरी बोललो. सुरेख वाक्य होतं. मोऱ्यांनी घंटी मारली.

जाधवांच्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालंय. रात्री घरी असावं म्हणून त्यांनी ही जवळची फेरी मागून घेतली होती. मुक्कामी गाडी म्हणजे रात्र घाटातल्या कुठल्यातरी गावात, गाडीतच. हे मला ठाऊक होतं. जाधवांनीच संक्रांतीला सांगितलं होतं, गिअर बदलता बदलता.

१६ फेब्रु., रवि.

नीट लिहितो. न लिहिलं तर उद्या मला वेगळं आठवेल.

उस्मानभाईंच्या लाकडाच्या वखारीत गेलो होतो, बाजेच्या पाटीसाठी. त्यांनी आधी बसवलं, मिठाई पुढे केली. बिरवाडीच्या भाचीचं लग्न झालं. मग स्वतःच हसत, "तुमचे आभार मानायचेत गुरुजी. सगळं वऱ्हाड खूश झालं."

कशाबद्दल?

"अहो, सहा तारखेच्या गुरुवारी वऱ्हाडाची गाडी तुमच्या फाट्यावरून गेली ना. तुम्ही काय छत्री हलवलीत! आम्ही सगळ्यांनी हात केले. माझी बहीण म्हणाली, बघा, गुरुजी रस्त्यात उतरून दुवा देतायत."

एसटीच होती. भाड्याने घेतलेली. पुढे पाटी 'प्रासंगिक करार', नेहमी असते तशी, वीतभर अक्षरांत. वर काचेला झेंडूच्या माळा.

माळासुद्धा, उस्मानभाई?

"ही जाडजूड. ड्रायव्हर कुरकुरत होता, रस्ता दिसत नाही म्हणून."

पेढा तोंडात होता.

म्हणजे वऱ्हाड गेलं, मी प्रधानांच्या मोटारीत बसलो, आणि मागून जाधव आले, थांबले, माझी वाट पाहिली.

मुलांना शिकवतो: डोंगरावर धूर दिसला, तेव्हा आग असणार, याला अनुमान म्हणतात. लाल दिसलं, तेव्हा बिरवाडी गाडी असणार. धूर तरी नीट दिसावा लागतो, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

१७ फेब्रु., सोम.

आगारात गेलो. कारकून ओळखीचा, आदराने खुर्ची दिली. गैरसमज झाला, म्हटलं. बातमी चुकीची, ड्रायव्हर निर्दोष. तो म्हणाला, छान, लिहून द्या. गैरसमज कशाने झाला तेवढं एका ओळीत पाहिजे, नाहीतर साहेब म्हणतील युनियनने दबाव आणला.

एक ओळ. लिहिलं, 'गाडीची पाटी धुळीने माखलेली असल्याने वाचता आली नाही.'

कारकुनाने वाचलं. "मग सर, गाड्या धुणाऱ्याला मेमो जाईल."

कागद मागे घेतला. घडी केली. सवडीने लिहितो, म्हणालो.

एका माणसावरचं काढून दुसऱ्यावर घालायला मला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

२० फेब्रु., गुरु.

आगारात गेलो नाही. काल नाही, आज नाही.

अंगणात पंचांग घेऊन बसलो. डावा डोळा झाकला. उजव्याने पंचांग नाही, पांढरं काहीतरी. उजवा झाकला. मोठा मथळा दिसतो, खालची तिथी धुक्यात. सौ. मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

"कधीपासून?"

पंचांगाची छपाई बिघडलीये, म्हटलं.

ती हसली नाही. एरवी याहून वाईट विनोदांना हसते.

२३ फेब्रु., रवि.

पोलादपूरला जाऊन आलो. सौ.ला सांगितलं, बातमीचं काम आहे.

महाड स्टँडवर चार-पाच लाल गाड्या. एका बाईंना विचारलं, यातली पोलादपूर कुठली हो, चष्मा घरी राहिला. तिने दाखवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. चष्मा नाकावर होता.

जाधव पोलादपूरच्या स्टँडवर सावलीत बसून डबा खात होते. सोबत स्टोव्ह, चादरीची वळकटी. मला बघून उठले नाहीत. हे बरं वाटलं.

घरी कसं आहे, विचारलं. टाक्यांत पू झालाय. धाकटी बहीण येऊन राहते, तिचाही संसार आहे. मग मी म्हणालो, माझा गैरसमज झाला, ती गाडी तुमची नव्हती, मला आता समजलं.

"आम्हाला तवाच समजलं होतं," जाधव म्हणाले. "मोऱ्याने लग्नाची गाडी पुढे बघितली होती. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, गुरुजी शिकलेला माणूस, करारची पाटी त्यांना कळत नाय काय?"

मी छत्रीची मूठ पुसत राहिलो.

"मंग? का नाय कळली?"

लक्ष नव्हतं, म्हणालो.

"मंग तेवढं लिहून द्या. लक्ष नव्हतं म्हणून. माझी काय हरकत नाय." डब्याचं झाकण लावलं. "पण छत्री हलवताना लक्ष नव्हतं, हे साहेबांना पटायचं नाय."

मी चहा मागवला. त्यांनी घेतला नाही. दोन्ही कप मीच प्यालो.

निघालो. गाडी लागली होती, पायरीवर पाय ठेवला. मागून आवाज आला, चढा नव्हता.

"गुरुजी. ती महाबळेश्वर हाय."

वळलो. जाधव उभे होते आणि माझ्या डोळ्यांकडे बघत होते. पुष्कळ वेळ. मग जवळ आले, पलीकडच्या गाडीपाशी मला घेऊन गेले, हात न धरता, पण धरल्यासारखे. तिथल्या कंडक्टरला म्हणाले, "महाडला उतरव यांना."

विचारलं नाही काही. विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो; ते त्यांनी वाचवलं.

२५ फेब्रु., मंगळ.

सकाळी फाट्यावर लाल काहीतरी आलं. हात करावा की नाही, ठरेना. केला नाही. ते थांबलं नाही. बिरवाडी गाडी होती, की वऱ्हाड, की कारखान्याची बस, देव जाणे. मागून प्रधानांनी मोटार हळू केली, काच खाली केली. चक्कर मारायला निघालोय, म्हटलं आणि उलट्या दिशेने चालू लागलो. शाळा बुडाली. बावीस वर्षांत आजारपण सोडून पहिल्यांदा.

घरी येऊन कागद लिहिला. आगार, वर्तमानपत्र, दोघांसाठी एकच मजकूर. 'मला पाटी दिसली नाही.' एवढंच. धूळ नाही, ऊन नाही, घाई नाही. अक्षरं मोठी काढली. ओळ वर चढली आहे, असं बोटाने चाचपल्यावर कळलं.

अजून दिलेला नाही. हा कागद दिला की शाळेत विचारतील, मग सर, मुलांच्या वह्या कोण तपासतं? खरं म्हणजे दिवाळीपासून सौ. मला मोठ्याने वाचून दाखवते आणि मी गुण सांगतो. तिला वाटत होतं मी दमतो. संपादक विचारतील, उरलेल्या बातम्यांत डोळ्यांनी पाहिलेलं किती? आणि या वसाहतीत, जिथे दूध आणायलाही लोक स्कूटर काढतात, तिथे ज्याला स्वतःची गाडी नाही आणि एसटी ओळखता येत नाही, असा माणूस नारळांशेजारी बसून राहील.

सौ. दोनदा दारात येऊन गेली. उद्या आगारात माझ्याबरोबर चल, असं म्हणायचं आहे. म्हटलं की तिला कारण सांगावं लागेल. तिला ते माहीत आहे. तरी सांगावं लागेल.

मला दिसेनासं होत आहे. मला त्याची भीती वाटते. आणि मला ते म्हणता येत नाही, एवढ्यासाठी जाधव आज रात्रीही घाटात, गाडीत झोपले आहेत.