बिनदुधाची लापशी

ती. आईस,

आम्ही सगळे ठणठणीत आहोत, काळजी करू नकोस.

सुट्टीच्या पहिल्या सकाळी मी इथे पहिल्यांदाच आपली नारळाच्या दुधातली लापशी केली. खजूर, काजू सढळ हाताने घातले. गाईचं दूध, तूप थेंबभरही नाही.

धाकटी म्हणाली, "आपल्यात दूध कोणाला बाधतं?"

"तुझ्या मामाला बाधायचं. म्हणून सुट्टीला आम्ही सगळेच अशी खायचो."

"पण मामा तर आता नाही ना?"

माझं ढवळायचं राहून गेलं. लापशी खाली लागली, तरी पोरांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या. आता दरवर्षी करणार.

तुझे गुडघे कसे आहेत? काकू सांगत होती, दादा गेल्यापासून तू सकाळी नुसत्या चहावर असतेस. या सुट्टीत वाटीभर तरी कर गं. सवयीने त्याची वाटी आधी भरलीस, तर परत पातेल्यात ओतू नकोस.

मीही नाही ओतली.

तुझी,
चिमी