उजवी दांडी

॥ श्री ॥
मुरबाड, १८ जानेवारी २०२६

चि. शेखर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन सोडून ताई पत्र का लिहितेय, असं वाटेल तुला. फोन ह्यांच्या उशाशी असतो आणि ह्यांना सगळं ऐकू जातं. आमी बरे आहोत. वालाच्या शेंगा भरल्यात, कुणी येणारं असेल तर देऊन पाठवते. तुमच्या संघाने कप जिंकला म्हणे. घरात ठेवायला जागा आहे का, की तोही बायकोच्या माथी?

आता मुद्द्याचं. ह्यांनी महिना झाला पिनबॉलच्या मशीनला हात लावला नाय. हे कामाला होते त्या क्लबाची खेळाची खोली बंद झाली, तेव्हा सत्तावीस वर्षं मशीन सांभाळल्याबद्दल साहेबांनी ते ह्यांनाच दिलं. पडवी अडली म्हणून मी तेव्हा कुरकुरले होते. पण लकव्यानंतर त्याच मशीनने ह्यांचा उजवा हात जागा केला. व्यायामाच्या मॅडमही म्हणायच्या, की दुसरं काही नको, उजवं बटण दाबत राहा, गोळी परतवणारी दांडी उडवत राहा.

डिसेंबरात तू येऊन दुरुस्त करून गेलास. तरी दहा मिनिटांनी उजवी दांडी उडेना, म्हणून मी फोन केला. तू म्हणालास की मशीन ठीक आहे, भावोजींचा हात दमत असेल. फोन स्पीकरवर होता, ह्यांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून मशीनवर चादर आहे.

परवा हे औषध घेऊन गाढ झोपले असताना मी चादर काढली आणि स्वतः खेळले. दहा मिनिटांनी दांडी उडेना. शेखर, माझ्या हाताला तर काही झालेलं नाय. मग हे कसं, ते मला लिहून कळव.

माया आहे तशीच आहे, पण उत्तर लवकर धाड.

तुझी ताई,
देवकी

॥ श्री ॥
वाशिंद, २३ जानेवारी २०२६

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तीन दिवस उत्तर लिहायला बसतोय आणि उठतोय.

त्या दिवशी मशीनचं झाकण उघडल्यावर मला दोष लगेच दिसला होता. उजव्या दांडीला वीज देणाऱ्या वायरी एका पांढऱ्या कनेक्टरमध्ये जातात. त्याचं प्लास्टिक जळून तपकिरी झालं होतं, आतल्या पिना काळ्या पडल्या होत्या आणि पिनांखालचं सोल्डर तडकलं होतं. कनेक्टर नवा हवा होता, पिना नव्या हव्या होत्या. कल्याणहून सामान आणून दुसऱ्या दिवशी करायचं काम होतं. पण तीन वाजता आमची फायनल होती. मी पिना ब्लेडने खरवडल्या, कनेक्टर दाबून बसवला, पाच मिनिटं खेळून दाखवलं आणि तू वाढलेलं ताट तसंच ठेवून निघालो. तोच तो कप.

तुझा फोन आला तेव्हाही मला कळलं होतं. कनेक्टर तापला की आतला सांधा सुटतो, थंड झाला की पुन्हा लागतो. दहा मिनिटांत मशीनही तापतं आणि आजारी हातही दमतो. मी हाताकडे बोट दाखवलं. भावोजी ऐकत आहेत हे मला माहीत नव्हतं, पण नसते ऐकत तरी ते खोटंच होतं. कारखान्यात संशय आला तरी मी पॅनेलला ‘वापरू नये’ अशी लाल चिठ्ठी लावतो, आणि घरच्या माणसाला फसवलं.

सामान आणलं आहे. एक तारखेच्या रविवारी येतो. तुला जमलं तर भावोजींना आधीचं काही सांगू नकोस. नवीनच बिघाड निघाला असं म्हणून मी नीट करून देतो.

तुझ्या मायेला आता किती लायक आहे, ठाऊक नाही.

तुझा,
शेखर

॥ श्री ॥
मुरबाड, २७ जानेवारी २०२६

चि. शेखर यास आशीर्वाद. वि. वि.

नाय सांगणार मी. पण तूही नवीन बिघाड म्हणणार नायस.

हे आता डाव्या हाताने जेवतात. मॅडमना येऊ नका म्हणून कळवलं त्यांनी. मी विचारलं तर म्हणाले, हात गेला तो गेला, शेखर शिकलेला आहे, त्याला कळतं. तुझं नाव घेऊन असं म्हणाले, म्हणून तुला लिहितेय.

रविवारी ये. हत्यारांची पिशवी दारात ठेव, आधी त्यांच्यासमोर बस आणि बोल. मशीनचं काम नंतर. जेवण मात्र या वेळी पूर्ण करून जायचं.

तुझी,
ताई

॥ श्री ॥
मुरबाड, २४ फेब्रुवारी २०२६

चि. शेखर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी सांगतोय आणि तुझी ताई लिहून घेतेय.

त्या रविवारी तू सगळं सांगितलंस आणि मी काहीच बोललो नाय. तुला वाटलं असेल, भावोजींना राग आला. राग आला होता. पण गप्प राहिलो ते दुसऱ्या कारणाने. सत्तावीस वर्षं असल्या मशीनच्या पिना मी पुसल्या. डावा हात उजव्या बटणावर ठेवला असता तर दोष कुठे आहे ते मलाही क्षणात कळलं असतं. सुचलं नव्हतं असं नाय. डाव्याने दांडी उडाली असती, तर उजवा मेला हे पक्कं झालं असतं. त्या भीतीने मी चादर टाकली. तुझी लाज तू येऊन सांगितलीस, माझी मी आज सांगतोय.

मशीन आता तासभर चालतं, दांडी अडत नाय. हात मात्र चार मिनिटंच चालतो. पूर्वी वीस चालायचा. मॅडम परत यायला लागल्या आहेत. त्या म्हणतात की दीड महिना वाया गेला, करंगळी बहुतेक परत यायची नाय. तुझ्यापासून लपवत नाय, कारण तुझं ते ऐकायचं काम आहे.

दर रविवारी येतोस ते बरं करतोस, पण मान खाली घालून पडवीत उभा राहू नकोस. खेळ माझ्याबरोबर, आणि हरवता आलं तर हरव.

काल उजव्या दांडीवरून गोळी तीनदा निसटली. तिन्ही वेळा माझ्या हातून निसटली, मशीन बरोबर होतं. तपासून पाहिलं मी, डावा हात ठेवून.

लोभ आहेच, तुझाही राहू दे.

तुझा भावोजी,
कमळाकर